‘शांत रस्ता’ हा शब्द फसवा असल्याच्या तक्रारीला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट महिन्यात आपण कुटुंबातील पाच जणांनी आमच्यामार्फत नैर्ऋत्य फ्रान्समधील लॉत आणि सेले या नद्यांच्या खोऱ्यांतून सहा दिवसांची सायकल सहल केली आणि तिला दोन तारे दिले. शांत रस्त्यांचे आश्वासन देऊन पहिल्याच दिवशी ट्रकांच्या रांगेत सोडले, सरळ रस्ता असताना तिसऱ्या दिवशी विनाकारण डोंगर चढायला लावला, १५ ऑगस्टला दिवसभर खायला मिळाले नाही आणि पाण्यासाठी चक्क कब्रस्तानात पाठवले, सुट्या खडीवर आपल्या पत्नी पडल्या आणि मदतीसाठी केलेला फोन कोणी उचलला नाही, असा आपला अभिप्राय आहे. तो मी दोनदा वाचला. यांतील काही गोष्टी सर्वस्वी आमच्या चुकीने घडल्या, काही आम्ही नीट सांगितल्या नाहीत म्हणून खुपल्या आणि एका बाबतीत मात्र मी आपल्याशी सहमत नाही.

पहिल्या दिवसाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. काओर शहरातून पूर्वेकडे निघाल्यावर सेलेच्या मुखापर्यंतचे सुमारे २५ किलोमीटर आम्ही आपल्याला आधी डी-६५३ आणि पुढे डी-६६२ या रस्त्यांवरून नेले. आमच्या माहितीपुस्तिकेत ‘आपण संपूर्ण प्रवास डी दर्जाच्या ग्रामीण रस्त्यांवरून कराल’ असे वाक्य आहे आणि तेच दिशाभूल करणारे आहे. डी हे अक्षर रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे एवढेच सांगते. तो जिल्ह्यासारख्या असलेल्या तिथल्या ‘देपार्तमाँ’च्या ताब्यात आहे, इतकाच त्याचा अर्थ. २००६ साली फ्रान्सने कितीतरी राष्ट्रीय रस्ते देपार्तमाँकडे सोपवले. काओरमधून दक्षिणोत्तर जाणारा जुना एन-२० त्या वेळी डी-८२० झाला, पण पाटी बदलली म्हणून त्यावरची वाहने कमी झाली नाहीत. डी-६५३ आणि डी-६६२ हेही एके काळचे राष्ट्रीय मार्गच आहेत. शहरात कामाला येणारी माणसे आणि माल त्याच अरुंद खोऱ्यातून येतो, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी असल्यामुळे रस्त्याला रुंद व्हायला जागा नाही. हे मला ठाऊक होते. पुस्तिकेत ते लिहिले असते तर सहलीच्या पहिल्याच सकाळची शोभा गेली असती, म्हणून लिहिले नाही, हे कबूल करताना मला संकोच वाटतो. पुढील मोसमापासून पहिल्या सकाळी सायकली व्हॅनमध्ये टाकून सर्वांना सेलेच्या मुखाजवळच्या बूझिएस गावातील झुलत्या पुलापर्यंत नेऊ आणि तिथून सहल सुरू करू. व्हॅनचा खर्च आमचा राहील.

तिसऱ्या दिवशीच्या चढाचे समर्थन मात्र मी करणार आहे. मार्सियाकहून सेलेच्या काठाने डी-४१ हा रस्ता थेट फिझाकला जातो, तो नऊ किलोमीटरने कमी पडतो आणि जवळजवळ सपाट आहे, हे आपण मोबाइलवर पाहिले ते खरेच आहे. मे महिन्यात मी स्वतः आपल्याला त्याच रस्त्याने पाठवले असते. पण ऑगस्टमध्ये सेले ही होडीवाल्यांची नदी असते. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत मागे होड्यांचे ट्रेलर लावलेल्या व्हॅन आणि कॅम्पिंगच्या मोटारी त्याच रस्त्यावर ये-जा करतात, आणि काही वळणांवर कडा रस्त्यावर इतका झुकलेला आहे की समोरून ट्रेलर आला तर सायकलस्वाराने थांबणेच शहाणपणाचे. म्हणून आम्ही आपल्याला खोऱ्यातून सुमारे दोनशे मीटर वर, कोस म्हणतात त्या चुनखडीच्या पठारावर चढवले. मिशेलिनच्या नकाशात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि किरकोळ रस्ते पांढरे दाखवतात. वरचा आपला सगळा मार्ग पांढऱ्या रेघांचा होता. दुतर्फा शेवाळलेल्या दगडांचे गडगे, त्यांच्यापलीकडे खुरटे ओक आणि मेंढ्या, आणि एकच गाडी जाईल इतकी डांबराची पट्टी. हा मार्ग आखताना दोन तासांत मला भेटलेली वाहने एका हाताच्या बोटांवर मोजता आली आणि त्यांतले एक टपाल खात्याची पिवळी व्हॅन होते. तिचा चालक मला वाट द्यायला गवतात उतरला होता. पठारावरची शांतता आपल्यालाही आवडली होती, असे आपणच अभिप्रायाच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे. ती शांतता त्या चढावरच मिळते, कारण ज्याला कुठे तरी पोहोचायचे आहे तो माणूस त्या रस्त्याने जातच नाही. चूक आमची आहे ती ‘किंचित चढ’ या शब्दांत. दोनशे मीटरचा चढ किंचित नसतो, आणि ई-सायकल आपल्या आईंपुरतीच होती. नव्या पुस्तिकेत प्रत्येक दिवसाचा एकूण चढ मीटरमध्ये दिला जाईल.

मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न न देता पाठीशी रेंगाळतात आणि त्याची भीती वाटते, असेही आपण ओघात लिहिले आहे. गावाबाहेर सायकलस्वाराला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडण्याचे बंधन तिथे चालकावर आहे. पुढचा रस्ता दिसत असेल तर त्यासाठी मधली अखंड पांढरी रेघ ओलांडण्याची मुभाही २०१५ पासून आहे. पुढचे दिसत नसेल तर तो मागे थांबतो. आपल्याकडच्या कानांना हॉर्नशिवाय गाडीचा पत्ताच लागत नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस माझ्याही पाठीत धडकी भरत असे.

आता जेवणाचे आणि पाण्याचे. ‘वाटेत अनेक गावे लागतात’ हे पुस्तिकेतले वाक्य अक्षरशः खरे असूनही मराठी वाचकाला फसवते, हे आपल्या अभिप्रायाने माझ्या लक्षात आणून दिले. गाव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निदान एक टपरी, चहाचे उकळते पातेले आणि बिस्किटांच्या बरण्या उभ्या राहतात. लॉत देपार्तमाँत पाच हजार दोनशे चौरस किलोमीटरमध्ये मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहतात. तिथल्या कोसवरच्या गावात चर्च असते, कुलूप लावलेले ग्रामपंचायतीचे कार्यालय असते, एखादे झोपलेले कुत्रे असते आणि दुकान बहुधा नसते. खाणावळ असलीच तर ती बारा ते दोन या वेळेत जेवण देते. अडीचला पोहोचलेल्या माणसाला कितीही विनंती केली तरी स्वयंपाकघर उघडत नाही. त्यात आपल्याला वाटेवर १५ ऑगस्ट आला. तो आपल्याला स्वातंत्र्यदिन म्हणून ठाऊक आहे, पण फ्रान्समध्येही तो मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण असल्याने सार्वजनिक सुट्टी असते. ती तारीख आम्ही आरक्षण करतानाच पाहायला हवी होती आणि आदल्या रात्रीच्या मुक्कामी शिदोरी बांधून देण्यास सांगायला हवे होते. आपल्या पाच जणांपैकी तीन जण शाकाहारी आहेत हे आमच्या नोंदीत असताना हे राहून गेले, म्हणून ही चूक अधिकच मोठी आहे.

कब्रस्तानातल्या नळाबद्दल मी थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याला ती आमची थट्टा वाटली. फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलने फिरणारे लोक वर्षानुवर्षे तिथेच बाटल्या भरतात. थडग्यांवरच्या कुंड्यांना पाणी घालण्यासाठी फाटकाच्या आत नळ बसवलेला असतो आणि त्याला बहुधा गावाच्याच नळयोजनेचे पाणी असते. ते पिण्याजोगे नसेल तर ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी लावलेली असते आणि तिथे बाटली भरू नये. दुकान नसलेल्या गावात उन्हाळ्याच्या दुपारी याहून भरवशाची सोय मला आजवर सापडलेली नाही. परंतु आपल्या आईंना ते पाणी तोंडाला लावावेसे वाटले नाही, यात नवल करण्यासारखे काही नाही. माझ्या आईनेही नकारच दिला असता. हा पर्याय शेवटचा म्हणून सांगायला हवा होता आणि त्याआधी प्रत्येकाजवळ दोन बाटल्या असतील याची तजवीज व्हायला हवी होती.

आपल्या पत्नी पडल्या, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. फ्रान्समधील लहान रस्त्यांची दुरुस्ती बरेचदा उन्हाळ्यात करतात, कारण डांबर बसायला ऊब लागते. डांबर फवारून त्यावर तुरीच्या दाण्याएवढी खडी पसरतात आणि ती दाबण्याचे उरलेले काम येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. काही दिवस रस्त्याच्या मधोमध आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला खडीची सैल रांग साचते. ‘ग्राव्हियाँ’ म्हणजे ‘सुटी खडी’ अशी पाटी तिथे होती, पण तो शब्द आम्ही आपल्याला शिकवलेलाच नव्हता. आमची पाहणी मे महिन्यात झाली तेव्हा तो उतार गुळगुळीत होता, हे स्पष्टीकरण आहे, सबब नव्हे. मोसम सुरू असताना दर आठवड्याला मुक्कामाच्या यजमानांना फोन करून रस्त्यांची स्थिती विचारण्याची पद्धत आम्ही सुरू केली आहे.

आपला फोन न उचलला जाण्यामागे कारण असे की तिथे दुपारचा एक वाजला होता, पुण्यात साडेचार, आणि झेंडावंदनानंतर कार्यालय बंद होते. तातडीच्या मदतीचा म्हणून दिलेला क्रमांक कार्यालयाचाच असावा, ही शरमेची गोष्ट आहे. आता तो क्रमांक माझ्या स्वतःच्या मोबाइलवर वळवलेला आहे.

पहिल्या दिवसाचे पाचही जणांचे शुल्क आम्ही परत करत आहोत. पडल्यामुळे वाकलेल्या डिरेलर हँगरसाठी, म्हणजे गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो त्या पट्टीसाठी, सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानाने आपल्याकडून घेतलेली रक्कमही आम्ही देऊ. त्या पावतीचे आणि गुडघ्यावरील औषधोपचाराच्या पावतीचे छायाचित्र आपण आरक्षणाच्या ई-मेलवर पाठवावे. दर दहा किलोमीटरवर बाकडे आणि कॉफी हवी असेल, तर लुआर नदीकाठचा सायकलमार्ग आपल्या कुटुंबाला अधिक मानवेल. तिथे वर्दळ सायकलींची असते आणि चढ फारसा नाही. कोसचा तो पांढरा रस्ता मात्र मी आमच्या मार्गातून काढणार नाही.

आपला,
सहल संयोजक