मथळ्यात मुलूख, पोटात गुन्हा

रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या शहरात दैनिक किंवा न्यूज पोर्टल चालवायला घेतले असेल, तर पहिली पंचाईत पाने भरण्याची होते. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती वजा केल्या तरी रकाने उरतातच, आणि वार्ताहराच्या मानधनात मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातल्या जेटीपर्यंतचे पेट्रोल भागत नाही. म्हणून खुर्चीवरून न उठता होणारी बातमी निवडा. तिचा कच्चा माल पोलिसांच्या प्रेसनोटमधून व्हॉट्सॲपवर फुकट येतो.

प्रेसनोट सगळी वाचायची गरज नाही. आरोपीच्या नावापुढे ‘सध्या रा.’ असते आणि त्यापुढे ‘मूळ रा.’ असते. तुमचा मथळा या दुसऱ्या जागी दडलेला आहे. ‘मूळ रा. नेपाळ’ दिसले की ‘मोबाइल चोरणाऱ्या नेपाळ्याला बेड्या’. बिहार किंवा उत्तर प्रदेश असेल तर नुसते ‘परप्रांतीय’ पुरते. आरोपी खालच्या आळीतलाच निघाला, तर ‘मोबाइल चोरी, एकास अटक’. इथला माणूस नेहमी ‘एक’ असतो, फार तर ‘तरुण’. त्याचे आडनाव छापण्याआधी त्याच्या काकांची जाहिरात दिवाळी अंकाला येते का, तेवढे बघून घ्या.

या पद्धतीची खुबी अशी की तुम्हाला एकही वाक्य खोटे लिहावे लागत नाही. चोरी झाली होती, माणूस नेपाळचा होता, अटकही झाली. पण एकाचा मुलूख दर वेळी मथळ्यात आणि दुसऱ्याचा कधीच नाही, असे सहा महिने नेमाने चालवलेत की बेरीज वाचक आपणहून करतो. आकडेवारी द्यायच्या फंदात पडू नका. शहरातल्या एकूण गुन्ह्यांत बाहेरच्यांचे किती, इथल्यांचे किती, हे पोलीस ठाण्यात माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. तो अर्ज करू नये. उत्तर आले तर छापावे लागेल.

मजकुराचा दुसरा परिच्छेद ठरलेला असतो: ‘या घटनेमुळे परिसरातील नागरिकांमध्ये भीतीचे वातावरण आहे.’ यासाठी किती नागरिक लागतात? एकही नाही. फारच सचोटीचा ध्यास असेल तर टपरीवर चहा घेताना शेजारच्याला विचारा, ‘भीती वाटते ना?’ तो मान हलवेल. तिसऱ्या परिच्छेदात ‘परप्रांतीयांची पडताळणी करावी, अशी मागणी होत आहे’ असे घाला. मागणी कोणाची, ते लिहू नका. बागेत किंवा बोटीवर ठेवलेल्या कामगाराची माहिती पोलिसांना द्यायची जबाबदारी ठेवणाऱ्या मालकाची असते, ही बारीक गोष्टही गाळा. नोंद मालकाने चुकवली असली तरी संशय खलाशावर गेला पाहिजे. मालक तुमचा वर्गणीदार आहे.

आता समुद्राकडे वळू, कारण तिथे कौशल्याचा खरा कस लागतो. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठली की खलाशी परततात. ट्रॉलर आणि पर्ससीन बोटींवर नेपाळी खलाशी किती आहेत, हे जेटीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्यांतला एखादा रात्री जाळे ओढताना पाण्यात पडतो. इथे वरचा नियम उलटा करायचा. जिवंत आरोपीचा मुलूख मथळ्यात जातो; बुडालेल्याचा चौथ्या परिच्छेदात. मथळा ‘बोटीवरील खलाशी बेपत्ता’ एवढाच ठेवा, किंवा त्याच दिवशी बोटही फुटली असेल तर ‘मच्छीमाराचे लाखोंचे नुकसान’ हे अधिक बरे, त्यात माणूस आपोआप खाली सरकतो. नाव कसेही लिहा: ‘बहादूर’ लिहिले की निम्म्या वेळा खपून जाते. गाव, जिल्हा, घरी कोण आहे, हे तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्या प्रमुखाला, विचारले तर कळते, पण त्यासाठी जेटीवर जावे लागेल आणि पेट्रोलचा प्रश्न वर आलाच आहे.

या बातमीत पाच प्रश्न टाळायचे असतात. अंगावर लाइफ जॅकेट होते का? वायरलेस चालू होता का? विम्याच्या यादीत त्याचे नाव होते का? बेपत्ता झाल्याची खबर किती तासांनी दिली? आणि मृतदेह मिळाला नाही तर भरपाई कोण, कधी, कोणत्या कागदावर देणार? पाचवा सर्वांत घातक. मृतदेहाशिवाय मृत्यूचा दाखला अडतो, दाखल्याशिवाय भरपाई अडते, आणि मागे लागायला जो यायचा त्याला आधी नेपाळहून इथवर यावे लागते. एवढे छापलेत तर ती गुन्ह्याची बातमी उरणार नाही, व्यवस्थेची होईल. तिला जाहिरातदार नसतो.

बांगला बोलणारा गवंडी किंवा सराफी कारागीर सापडला तर काम आणखी सोपे. ‘बांगलादेशी असल्याचा संशय’. पुरावा म्हणून त्याची बोली पुरते. मालदा आणि मुर्शिदाबाद हे पश्चिम बंगालमधले, म्हणजे भारतातले जिल्हे आहेत आणि तिथेही लोक बांगलाच बोलतात, हा भूगोल शाळेत सोडून आलात तर उत्तम. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई-ठाण्याकडून उचलून सीमेपलीकडे ढकललेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीय निघाले आणि परत आणावे लागले. परत आणल्याची बातमी कितव्या पानावर घ्यायची, हा प्रश्न इथे उद्भवत नाही. ती घ्यायचीच नसते. जामीन, निर्दोष सुटका, कागदपत्रे खरी निघणे या तिन्ही गोष्टी ‘पाठपुरावा’ सदरात मोडतात, आणि ते सदर आपल्याकडे नाही.

कायद्याची धास्ती बाळगू नका, फक्त कलमे माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेचे कलम १९६, जे पूर्वी भारतीय दंड संहितेत १५३अ होते, ते वंश, जन्मस्थान, निवास, भाषा यांवरून वैर पसरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. म्हणून विधान करू नका, प्रश्न विचारा. ‘शहर कोणाच्या हाती?’ ‘मुले पळवणारी टोळी सक्रिय?’ प्रश्नचिन्हाला अटक होत नाही. त्याचे काम मात्र होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारे फिरताहेत या मोबाइलवरच्या अफवेने, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भटक्या माणसांना जमावाने ठेचून मारले. ती अफवाच होती. छापील शीर्षकाची प्रतिष्ठा तिला मिळाली असती तर काय झाले असते, याची कल्पना तुम्हीच करा.

प्रेस कौन्सिलचे काय, असे एखादा नवखा उपसंपादक विचारतो. वृत्तपत्रांच्या वागणुकीवर लक्ष ठेवणारी, १९७८ च्या कायद्याखालची ही संस्था. बदनामी होईल अशा संदर्भात जातीची ओळख छापू नये, असे तिच्या आचारसंहितेत लिहिलेले आहे. उल्लंघन झाले तर ती ताकीद देते, कानउघाडणी करते, निषेध नोंदवते. दंड करीत नाही. टीव्ही वाहिन्या तर तिच्या कक्षेबाहेरच आहेत. तेव्हा ‘कातकरी समाजातील तरुणाने’ असे बेलाशक लिहा. कातकऱ्यांना परप्रांतीय म्हणता येत नाही हीच काय ती अडचण. ते तुमच्याआमच्या बागा लागण्याआधीपासून या डोंगरांत आहेत. तिथे ‘मूळ रा.’ऐवजी जात वापरायची.

सगळेच बाहेरचे वाईट असे दाखवू नये, एकांगीपणाचा ठपका येतो. समतोलासाठी थिबा राजा आहे. १८८६ साली इंग्रजांनी आणून ठेवलेला ब्रह्मदेशचा हा राजा १९१६ मध्ये इथेच वारला. त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेल्या राजवाड्यावर पर्यटन पुरवणीत अर्धे पान, रंगीत फोटोसह द्यावे. मुंबईत पिढ्यान्पिढ्या खोल्या घेऊन राहिलेल्या आपल्या चाकरमान्यांवर गणपतीत एक हळवा लेख द्या. त्यांना तिकडे कोणी कधी ‘मूळ रा.’ विचारले असेल, तर तो विषय त्या लेखात नको. आणि ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, ‘दर्पण’ काढणाऱ्या, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालायला विसरू नका. शाल-श्रीफळाची व्यवस्था नगरसेवक करतात.

एक तांत्रिक धोका राहतो. नेपाळी देवनागरीत लिहितात. तुमचा मथळा बागेतल्या खोपीत फरसाण बांधून आलेल्या कागदावर गेला तर राखणदार तो अडखळत का होईना वाचू शकतो. ‘नेपाळ’, ‘चोर’, ‘अटक’ एवढे त्याला कळते. यावर उपाय नाही. सुदैवाने तो संपादकाला पत्र लिहीत नाही.

शेवटचे काम पानाच्या मांडणीचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आंब्याच्या कलमांच्या फवारणीचा आणि राखणीचा हंगाम उभा राहिला की छोट्या जाहिरातींत मजकूर येऊ लागतो: ‘आंबा बागेसाठी नेपाळी जोडपे पाहिजे. प्रामाणिक. राहण्याची सोय. त्वरित संपर्क.’ ही जाहिरात रोख पैशाची असते, ती नाकारू नये. फक्त ‘नेपाळ्यांचा सुळसुळाट’ या बातमीच्या शेजारच्या रकान्यात ती लागू देऊ नका. पान सोडण्याआधी एकदा बघा, आणि लागलीच असेल तर बातमी खाली न्या. जाहिरातीची जागा ठरलेली असते.