निसर्गाला धरून घर हे पैसेवाल्यांचेच काम? बेलापूर बघून या

पुनर्विकासाची चर्चा निघाली की नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. त्याचं म्हणणं असं: निसर्गाला धरून घर बांधायला भरपूर जागा लागते, ते श्रीमंतांनाच परवडतं, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत केली, पण लोकांनी घरं पाडून नवी बांधली, म्हणजे प्रयोग फसला, आणि टॉवरमध्ये तर हा विषयच येत नाही. या मजकुरावर विसंबून लोक आयुष्यभराच्या घराचा नकाशा मंजूर करताहेत, म्हणून हे लिहितोय.

आधी जागेचं. डोंगराच्या पायथ्याची ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात सहाएक हेक्टरांवर साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांसाठी झाली. सगळ्यात लहान भूखंड जेमतेम ४५ चौरस मीटरचा. सात घरांत मिळून ८ मीटर लांब-रुंद अंगण, असे तीन गट मिळून त्याहून मोठा चौक, आणि वसाहतीच्या मधून ओढा. एवढं मोकळं ठेवूनही हेक्टरी ५०० माणसं बसवली, तीही बैठ्या आणि एकमजली घरांत.

परवडण्याबद्दल म्हणाल, तर कोरियांचं सुरुवातीचं गाजलेलं काम गुजरात गृहनिर्माण मंडळाच्या स्वस्त घरांच्या स्पर्धेतलं आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अहमदाबादला बांधलेलं ते घर फक्त १२ फूट रुंद होतं. गरम हवा उतरत्या छताच्या आतून वर सरकून माथ्यावरून बाहेर पडायची. पंख्याची वाट पाहावी लागत नव्हती.

‘प्रयोग फसला’ हा आरोप मला सगळ्यात जास्त खटकतो. बेलापूरच्या घरांना सामाईक भिंत नाही, ते मुद्दाम. संसार वाढला, हातात पैसे आले की मालकाने शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता आपल्या गवंड्याकडून खोली चढवावी, हे कोरियांनी आधीच धरलं होतं. तेव्हा ज्याने घर वाढवलं, त्याने आराखडा मोडला नाही, वापरला. काही ठिकाणी मात्र कौलं उतरवून भूखंडभर स्लॅब टाकले, मजल्यावर मजले चढले आणि शेजारच्याचा वारा अडला. हे नुकसान खरं आहे, पाहून वाईट वाटतं. पण त्यावरून वाढीला मर्यादा हवी होती एवढंच म्हणता येतं. अंगणं आजही आहेत आणि वापरात आहेत.

राहिला टॉवर. मुंबईतली कोरियांचीच कांचनजंगा इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली, २८ मजल्यांची. आपल्याकडे वारा पश्चिमेचा, पण कडक ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा तो यासाठीच. कोरियांनी तोच व्हरांडा वर नेला आणि घराच्या कोपऱ्यात दुप्पट उंचीची, झाडं लावता येतील अशी गच्ची दिली. ती घरं महागडी, हे मान्य. पण समोरासमोर खिडक्या आणि त्यांवर खोल छज्जा द्यायला जादा जमीन लागत नाही.

बाल्कनी काचेने बंद करून हॉलमध्ये घेण्याआधी आर्किटेक्टला तीन गोष्टी विचारा. आडवा पाऊस लागला की कोणती खिडकी उघडी ठेवता येईल? दुपारी चारचं ऊन कोणत्या भिंतीवर येईल? स्वयंपाकघरातली गरम हवा कुठून बाहेर पडेल? तिन्हींची उत्तरं नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा, सही त्यानंतर करा.