खुलासा: लॉन टेनिस एकट्या विंगफील्डांचं नाही

‘लॉन टेनिस १८७४ मध्ये मेजर विंगफील्ड यांनी एकट्याने शोधलं’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. विंगफील्डांनी त्या वर्षी पेटंट घेतलं, नियमांसह खेळाचे संच विकले. प्रसाराचं श्रेय त्यांचंच. पण बर्मिंगहॅमचे वकील आणि हौशी खेळाडू हॅरी जेम व त्यांचे स्पॅनिश व्यापारी मित्र परेरा १८६०च्या दशकातच बर्मिंगहॅमच्याच एजबास्टन भागातल्या हिरवळीवर असा खेळ खेळत होते. पुढे दोघांनी इंग्लंडमधल्याच लेमिंग्टन गावात टेनिस क्लबही काढला. जेम यांनी ‘द फील्ड’ या इंग्रजी नियतकालिकाला पत्र लिहून कल्पनेचं श्रेय परेरांना दिलं, स्वतःकडे घेतलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.