मी ट्रॅक्टरवाल्यासाठी थांबलो होतो

नमस्कार. सोलापुरात होटगी रोडवर उसाच्या ट्रॅक्टरसमोर स्कूटी घसरली, तेव्हा मी थांबून ट्रॅक्टरवाल्याच्या बाजूनं बोललो. त्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: "गाडीला गाडी शिवली नाही, कुणाचं हाड मोडलं नाही. तरी रस्ता अडवून न्यायाधीश व्हायची हौस कशाला? पोलिसांच्या चकरा सुरू झाल्या की कळेल." चिडून लिहिलंय, पण त्यात तथ्य आहे. म्हणून जरा सविस्तर.

पडलेल्या माणसाला वाचवायला मी थांबलो, असं तुम्ही धरून चाललात. त्याला फक्त तळहाताला खरचटलं होतं. डिव्हायडर जिथं फुटतो तिथवर जायचा कंटाळा, म्हणून स्वारी उलट्या बाजूनं आली. समोर उसाचा ट्रॅक्टर बघून दचकली, करकचून ब्रेक दाबला आणि स्कूटी घसरली. ट्रॅक्टरचं पुढचं चाक त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर थांबलं. मी ट्रॅक्टरच्या मागंच होतो, थोडा उजवीकडं, त्यामुळं सगळं दिसलं.

आता मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. त्यांना स्वतःचे ब्रेक बहुतेक नसतातच. एकदम ब्रेक मारला तर मागचं सगळं वजन ट्रॅक्टरला ढकलत नेतं, नाहीतर जोडणीत दुमडून आडवं होतं. त्या पोरानं ते सांभाळून थांबवलं. विशीतलं पोरगं, बोलण्यावरून बीडकडचं. खाली उतरून पहिलं काम काय केलं, तर ट्रॉलीच्या चाकाखाली दगड लावला. हात इतके थरथरत होते की दगड दोनदा निसटला.

तेवढ्यात माणसं जमली. "पाडलास की बे! खाली मान घालून चालवतो काय?" एकानं कॉलर धरली. दुसरा म्हणाला, आरशाचे पैसे काढ आधी. यातल्या एकानंही काही पाहिलेलं नव्हतं, सगळे चहाच्या गाड्यावरून आवाज ऐकून धावलेले. मोठी गाडी उभी, छोटी आडवी, एवढ्यावर निकाल लागला होता. ट्रॅक्टरवर टेप मोठ्यानं वाजत होता, मागं रिफ्लेक्टरचा पत्ता नव्हता, हे मलाही खटकतं. सीझनमध्ये संध्याकाळनंतर त्या ट्रॉल्यांची भीतीच वाटते. पण त्या दिवशीची चूक त्याची नव्हती. तेवढं मी मोठ्यानं बोललो. शेवटी स्कूटीवाल्याला विचारलं, "मालक, तुम्हीच सांगा, कुठल्या बाजूनं आलात?" तो गप्प बसला. मग कॉलरवरचा हात सुटला. तुम्ही म्हणता ती न्यायाधीशकी एवढीच.

आता पोलिसांच्या चकरा. माझे वडीलसुद्धा हेच सांगायचे, "बघितलं तरी बघितलं म्हणू नको." तेव्हा ते बरोबरही असेल. पण ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलमही आलं. जखमीला मदत करणाऱ्यानं नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, त्याला दवाखान्यात अडवून ठेवता येत नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचं ठरवलं, तर जबाब एकाच वेळी घ्यायचा, पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही, असंही त्यात आहे. कागदावरचं सगळं ठाण्यात जसंच्या तसं घडतं असा माझा दावा नाही. आणि आमच्या बाबतीत पोलीस आलेच नाहीत, कुणी फोनच केला नव्हता.

राहिलं रस्ता अडवण्याचं. हे मात्र शंभर टक्के मान्य. घाईत मी माझी गाडी ट्रॉलीच्या मागं, ऐन रस्त्यात स्टँडवर लावली. मागून आसरा चौकाकडून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं, त्यात एक सिटी बसही होती. त्यात तुम्ही अडकला असाल, तर माफ करा. पुढच्या वेळी गाडी आधी कडेला घेईन, मग तोंड उघडीन.