ठळक सेरिफला जुनाट म्हणणं बंद करा आता

आज परत एका कव्हरवरचा बोल्ड सेरिफ, म्हणजे रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला ठळक टाइप, उडवला. कारण काय, तर "जुनाट वाटतंय, जरा क्लीन करा". आणि क्लीन म्हणजे तोच बारीक करडा सॅन्स, म्हणजे असे पाय नसलेला टाइप, जो सगळीकडे असतो आणि कुठेच लक्षात राहत नाही. डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

क्लॅरेंडन हा ठळक सेरिफ घ्या. 1845, लंडनची फॅन स्ट्रीट फाउंड्री, म्हणजे छपाईचे टाइप ओतणारा कारखाना. बेंजामिन फॉक्सने पंच, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, कापले, रॉबर्ट बेस्लीने टाइप बाजारात आणला. जाड अक्षरं त्याआधीही होती, पण ती बहुतेक पोस्टरची, एक रेघ भलतीच जाड नि दुसरी दिसेल न दिसेल अशी, साध्या मजकुरात घातली की ओळच बिघडायची. क्लॅरेंडन मजकुराच्या मापात बसेल असा केला. जाड-बारीकमधला फरक कमी, सेरिफ दणकट आणि उभ्या रेघेला वळण घेऊन मिळणारे. बेस्लीने डिझाइन रजिस्टर केलं, संरक्षण मिळालं 3 वर्षांचं, ते संपल्यावर बाकीच्या फाउंड्र्यांनी धडाधड नकला काढल्या. वाईट असता तर काढल्या असत्या?

माझ्या आईला इंग्रजी शब्दकोडी सोडवायचा नाद. नजर अधू झाल्यावरसुद्धा जाडजूड डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायची, बोट खाली सरकवत शब्द स्वतः शोधायची, भिंग फक्त अर्थ वाचायला. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात मूळ शब्द क्लॅरेंडनमध्ये छापले ते शोभेसाठी नाही हो, नजर थेट तिथे जाऊन थांबावी म्हणून!

मग तिला कोणीतरी नवा कोश भेट दिला, देखणा, भरपूर पांढरी जागा, शब्द बारीक सॅन्समध्ये. आईने दोन पानं उलटली आणि म्हणाली, "तूच शोधून दे गं." ज्या बाईने आयुष्यात कोणाला शब्द विचारला नाही तिला विचारावं लागलं, आणि तुम्ही मला क्लीन सांगता?

हां, छोट्या स्क्रीनवर बारीक साइझला बोल्ड सेरिफची पोटं, म्हणजे अक्षरांच्या आतली मोकळी जागा, भरून येतात, हे मान्य. पण कव्हर काय त्या साइझला असतं का?

आणि क्लॅरेंडनचा चेहरा रागीट नाहीये, नीट बघा तरी. छोट्या ए आणि सी च्या टोकाला गोल थेंब, आर चा पाय किंचित वर वळलेला. भारदस्त आहे पण अंगावर येत नाही. म्हणून तर अमेरिकेच्या नॅशनल पार्कच्या पाट्यांवर इतकी वर्षं शोभला. 1953 मध्ये हरमान आयडेनबेंझने स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीसाठी तो नव्याने काढला, म्हणजे मॉडर्न मॉडर्न म्हणून ज्यांचे गोडवे गातो त्या स्विस लोकांनासुद्धा तो टाकून द्यावासा वाटला नाही.

आईचा जुना कोश आता माझ्या टेबलावर असतो. कोणी डिझाइन शिकायला आलं की आधी तोच उघडून देते, शब्द शोध म्हणते, चष्मा काढून.

तर वापरा बिनधास्त. शीर्षकाला, पाटीला, कोशातल्या शब्दाला. अक्षरं एकमेकांना चिकटवू नका, मोकळी सोडा. फक्त अख्खा परिच्छेद बोल्ड करू नका, प्लीज, मग नजरेने थांबायचं कुठे?