मधले पाच तास

न्यूझीलंडला कॅम्पर व्हॅनने, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, फिरून आल्यापासून माझ्यामागे एक काम लागलंय. ओळखीतलं कुणी ना कुणी आपला प्लॅन पाठवतं आणि म्हणतं, "जरा बघून दे ना." प्लॅन बहुतेक एकाच छापाचे. हॉबिटन, रोटोरुआ, क्वीन्सटाउन, मिलफर्ड साउंड. आणि या नावांच्या मध्ये एक रकाना, त्यात नुसतं 'ड्राइव्ह, 5 तास'. माझं भांडण त्या रकान्याशी आहे.

डोंगर आणि तळी सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण त्यांचे फोटो आपण इतके पाहून गेलेलो असतो की तिथे पोचल्यावर आपण फक्त खात्री करून घेतो. चकित व्हायचं असेल तर त्या पाच तासांत लागणाऱ्या लहान लहान गावांत उतरायला हवं. साधी गाडी असली की आपण उतरत नाही, पुढे पळतो. कॅम्पर व्हॅन पळू देत नाही.

का, ते सांगते, विषय जरा घाण आहे. व्हॅनमध्ये संडास असतो आणि त्याच्याखाली एक टाकी, तिला कॅसेट म्हणतात. ती भरते. भांडी घासलेलं पाणी दुसऱ्या टाकीत साठतं, पिण्याचं पाणी संपत येतं. यातलं काहीही रस्त्याकडेला ओतायची सोय नाही, डम्प स्टेशन गाठावं लागतं, आणि ती डम्प स्टेशन्स बऱ्याचदा अशाच एखाद्या गावात असतात. तिथल्या मोटर कॅराव्हॅनवाल्यांच्या संघटनेने तर 'मोटरहोम फ्रेंडली' गावांची योजनाच काढली आहे. गावाने पाण्याची, सांडपाण्याची, गाडी लावायची सोय करायची, मग लोक थांबतात आणि बाजारात चार पैसे खर्च करतात. शिवाय साडेतीन टनांच्या वरची गाडी असेल तर मोकळ्या रस्त्यावरही वेगमर्यादा ताशी 90. मागे रांग लागली की बाजूला घेऊन सगळ्यांना जाऊ द्यायचं. सुरुवातीला नवऱ्याला हा अपमान वाटायचा, नंतर सवय झाली.

तर संडासावरूनच सुरुवात करू. उत्तरेला कावाकावा नावाचं गाव आहे. तिथलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे सार्वजनिक शौचालय. थट्टा नाही. फ्रीडेन्सराइश हुंडर्टवासर हे व्हिएन्नात जन्मलेले नामांकित चित्रकार 1970 च्या दशकापासून त्या परिसरात जागा घेऊन राहत होते. गावाला शौचालय नवं करायचं होतं, या गृहस्थांनी ते अंगावर घेतलं. 1999 मध्ये ते उघडलं आणि पुढच्याच वर्षी हुंडर्टवासर वारले. सरळ रेषेशी त्यांचं वैर होतं, त्यामुळे खांब फुगीर, फरशी उंचसखल, एकही टाइल शेजारच्या टाइलशी जुळत नाही. टाइल्स तिथल्या शाळेतल्या मुलांनी केलेल्या, विटा पाडलेल्या बँकेच्या इमारतीतल्या, खिडक्यांना काचेऐवजी रिकाम्या बाटल्या. छतावर गवत. जागेवर आधीपासून असलेलं झाड तोडलं नाही, इमारतच त्याच्याभोवती बांधली. एवढं सगळं, आणि आत लोक आपले नेहमीसारखे जाऊन येतात. बाहेर कॅमेरे घेतलेले पर्यटक आणि त्यांच्यातून वाट काढत घाईने आत जाणारे आजोबा, हे दृश्य मला कुठल्याही धबधब्यापेक्षा आवडलं. वर त्याच गावात रेल्वेचे रूळ मुख्य रस्त्याच्या मधून जातात. जुनी गाडी दुकानांसमोरून धडधडत निघते आणि कुणी मान वर करून बघत नाही.

अशा गावांना 'विचित्र', 'गमतीशीर' म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. बहुतेक ठिकाणी त्या गमतीमागे पोटाचा प्रश्न असतो. हायवेवरच्या गावाची रोजीरोटी थांबणाऱ्या माणसावर. रेल्वेतल्या नोकऱ्या जातात, पिकाचा भाव पडतो, कधी नवा रस्ता गावाला वळसा घालून जाणार अशी कुजबुज सुरू होते. मग गावकरी बसतात आणि विचार करतात की आपल्याकडे आहे काय. ताईहापे गावाकडे होते चिखलात घालायचे रबरी गमबूट. त्यांनी 1985 पासून गमबूट दिन सुरू केला, त्यात बूट लांब फेकायची स्पर्धा ठेवली, आणि गावाच्या तोंडाशी पन्हाळी पत्र्याचा भलाथोरला बूट उभा केला. काटीकाटी हे किवी फळाच्या पट्ट्यातलं गाव. 1990 च्या सुमारास तिथले दिवस वाईट होते, त्यांनी भिंती रंगवायला घेतल्या. आता गल्लीबोळात चित्रं आहेत. टिराऊत पत्र्याचा कुत्रा आहे, म्हणजे अख्खी इमारतच कुत्रा, शेजारी मेंढी. आणि बुल्स! जेम्स बुल नावाच्या माणसावरून पडलेलं नाव, तर गावाने प्रत्येक पाटीवर त्याची कोटी केलीय. पोलीस चौकी 'कॉन्स्ट-अ-बुल', दवाखाना 'क्युअर-अ-बुल'. पहिल्या तीन पाट्यांना हसू येतं, दहावीला डोकं धरावंसं वाटतं, पण तोवर तुम्ही बाजारपेठ पायी फिरलेले असता. गावाला तेच हवं होतं.

सगळ्यात जास्त जीव जडला तो मात्र फांगामोमोनावर. स्ट्रॅटफर्डपासून टाउमारुनुईपर्यंत साधारण दीडशे किलोमीटरचा रस्ता आहे, 'फरगॉटन वर्ल्ड हायवे'. वाटेत पेट्रोल नाही, एक टप्पा आत्ताआत्तापर्यंत कच्चा होता, आणि एक बोगदा असा की समोरून कुणी येत नाही ना हे बघूनच आत शिरायचं. या रस्त्यावरच्या या इवल्याशा गावाला 1989 मध्ये सरकारने नव्या सीमा आखताना तारानाकी प्रांतातून काढून शेजारच्या प्रांतात टाकलं. गावाला विचारलं नाही. गावाने 1 नोव्हेंबरला स्वतःला प्रजासत्ताक जाहीर केलं. रागाच्या भरात केलेली गोष्ट एरवी महिन्याभरात विरते. ही विरली नाही. त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडले. 1999 मध्ये निवडून आला तो बिली गमबूट, बोकड. नंतर ताई नावाच्या पूडल कुत्र्याने पद भूषवलं. दर दोन वर्षांनी जानेवारीत प्रजासत्ताक दिन होतो, मेंढ्यांच्या शर्यती लागतात, आणि हॉटेलात पासपोर्ट मिळतो. माझ्या पुस्तकप्रेमी बहिणीला मी फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे शेवटी पर्यटकांसाठीच ना?" असेल. पण पर्यटकांसाठी असतं तर वर्दळीच्या हायवेच्या कडेला केलं असतं, जिथे पेट्रोलही मिळत नाही अशा ठिकाणी नाही. मला त्यात अजूनही सरकारवरचा राग दिसतो, फक्त तो आता हसरा झालाय.

तिचा मुद्दा ओहाकुने गावाच्या बाबतीत जास्त लागू पडतो. तिथला तो अवाढव्य गाजर मुळात एका बँकेच्या जाहिरातीसाठी बनवलेला, तो 1984 मध्ये गावात आणून बसवला. पाएरोआ गावातली मोठी बाटली तर सरळ एका सरबताची जाहिरातच. मला तरी त्याचं काही वाटत नाही. ओहाकुनेत गाजरं खरोखर पिकतात, 1920 च्या दशकात चिनी शेतकऱ्यांनी ती लावली, मग गाजर जाहिरातीतून आला की आणखी कुठून, काय फरक पडतो?

खटकलं ते वेगळंच, पर्यटकांची घाई. गाडी चालू ठेवायची, एकाने उतरायचं, बुटासमोर अंगठा दाखवायचा, फोटो, पुढे. मग शीटमध्ये टिक. ज्या गावाने तुम्हाला थांबवण्यासाठी एवढा खटाटोप केला तिथे दीड मिनिट? निदान चहा तरी प्या. कार्ड्रोना गावातल्या कुंपणाचं उदाहरण घ्या. 1998 च्या नाताळानंतर तिथे कुणीतरी तारेवर चार ब्रा अडकवून गेलं आणि बघता बघता शेकडो झाल्या. काहींना ते अश्लील वाटलं, वाद झाले, एकदा सगळ्या काढूनही टाकल्या. आता तिथे स्तनाच्या कर्करोगासाठी देणगीपेटी आहे. पेटीसमोर फार गर्दी दिसली नाही, कुंपणासमोर होती.

आमच्याकडून यादी करून काहीच झालं नाही. दक्षिणेच्या टोकाला इन्व्हरकार्गिलमध्ये पाण्याच्या पाइपचा वॉशर गेला म्हणून ई. हेज नावाच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. खिळे, करवती, रंगाचे डबे, आणि त्यांच्या मधोमध बर्ट मन्रो यांची, 'इंडियन' नावाच्या अमेरिकी कंपनीची मोटरसायकल. खरी. 1920 सालची गाडी घरच्या शेडमध्ये सुधारत सुधारत त्यांनी 1967 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी सुमारे 296 किलोमीटरचा विक्रम केला, वयाच्या 68 व्या वर्षी. संग्रहालयात असती तर दोरी, तिकीट आणि रखवालदार असता. इथे बाजूने एक बाई झाडू आणि बादली घेऊन बिलाच्या काउंटरकडे गेल्या. नवरा तासभर त्या गाडीपुढून हलला नाही. वॉशर मी शोधला, आणि पार्किंगमध्येच बसवला.