'सगळं मिळालं की त्यांना!' : कोयनेच्या त्या मेसेजला उत्तर

कोयना भरली, सहा वक्री दरवाजे उचलले, की साताऱ्यातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फेसाळ पाण्याचा व्हिडिओ येतो आणि त्याच्या शेपटाला एक लांबलचक मजकूर. यंदाही आला. त्याचा सारांश असा: कोयनेचं खोरं म्हणजे नुसतं जंगल, वस्ती नावापुरती. जी थोडी माणसं होती त्यांना सरकारनं कायद्यानं जमिनीला जमीन आणि घरटी एक नोकरी दिली, आज ते करोडपती आहेत. धरणाचं सगळं पाणी सातारा-सांगलीच्या शेतीला जातं. 1967 च्या भूकंपाचा धरणाशी संबंध नाही, धरणाला साधा तडाही गेला नाही. आणि साठ वर्षांनीही पुनर्वसन मागत बसलेले लोक म्हणजे फुकटे.

हा मजकूर पुढे ढकलणारे बाहेरचे कुणी नाहीत. कराड-पाटणचे, साताऱ्याचे, आपलेच लोक आहेत, म्हणून उत्तर द्यायचं.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. मजकुराच्या सुरुवातीला धरणाचं जे कौतुक आहे ते रास्त आहे. 103 मीटर उंची, 105.25 टीएमसी साठा, सगळे टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह धरून 1960 मेगावॉट. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात तेव्हा वाढलेली मागणी झटक्यात उचलायला कोयना लागते. त्याबद्दल वाद नाहीच. वाद पुढच्या ओळींशी आहे.

'नुसतं जंगल होतं.' कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कण्याला समांतर साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला वाहते, हेळवाकला एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या दक्षिणवाहिनी पट्ट्याचा तळ बुडाला. म्हणजे जावळीचं खोरं. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, हे चौथीच्या पोरालाही पाठ असतं. अरण्य दाट होतंच, पण त्यात नांदती गावं होती, देवळं होती, कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा होत्या आणि त्यांच्यावर नजर ठेवायला वासोट्यासारखे किल्ले होते. मोऱ्यांची सत्ता काही झाडांवर चालत नव्हती.

शंभराच्या आसपास गावं या पाण्यानं बाधित झाली. पण आकड्यापेक्षा काय बुडालं ते बघा. या खोऱ्यात सपाटी फक्त नदीकाठी. भाताची खाचरं तिथंच. वर डोंगरउतारावर नाचणी, वरी, तीही दोन-तीन वर्षं पीक घेऊन जमीन पडीक टाकायची. पाणी आलं आणि खाचरं गेली. कागद म्हणतो, अमक्याची निम्मीच जमीन गेली. त्या निम्म्यात घरचा सगळा तांदूळ होता, हे कागदाला कळत नाही. वरची वरकस ज्यांच्याकडे उरली त्यांतले पुष्कळजण खोरं सोडून गेलेच नाहीत. घराची लाकडं, कौलं वर वाहून नेली आणि पाण्याच्या रेघेवर पुन्हा घरं बांधली. ती गावं आजही आहेत. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर त्यांचं दरे गाव टीव्हीवर वारंवार दिसू लागलं. त्या बातम्यांत मागं जे निळं पाणी दिसतं ते शिवसागरचंच, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं. पलीकडच्या काठावरच्या कित्येक गावांना बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी बामणोली किंवा तापोळ्याला लाँचनंच यावं लागायचं. पूर्वी नदी उतरून जायचे. आपण त्याच लाँचमध्ये बसून फोटो काढतो आणि 'मिनी काश्मीर' म्हणतो.

'कायद्यानं जमिनीला जमीन दिली.' कोणत्या कायद्यानं? इथं मजकूर सरळसरळ खोटा पडतो आणि त्यासाठी सनावळी पुरेशी आहे. धरणाचं काम सुरू झालं 1950 च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्मायच्या आधी. 1962 मध्ये वीज निघू लागली, 1964 च्या सुमाराला धरण पुरं झालं. जमिनी घेतल्या त्या 1894 च्या इंग्रजी भूसंपादन कायद्यानं. त्यात मोबदला होता, पुनर्वसन हा विषयच नव्हता. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा पहिला कायदा आला 1976 मध्ये. तोवर शिवसागराचं पाणी डझनभर पावसाळे जुनं झालं होतं. मग 1986 चा, मग 1999 चा, मग 2013 चा केंद्राचा. या सगळ्यांत पर्यायी जमीन, गावठाण, 18 नागरी सुविधा अशी भाषा येत गेली. ती भाषा यायच्या आधीच कोयनेचे लोक उठून गेलेले होते.

जमीन कुणालाच दिली नाही असं मी म्हणत नाही. दिली, पण शासनाच्या निर्णयांनी, तुकड्या-तुकड्यांनी आणि लांब. ठाणे, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, सांगली. पनवेल तालुक्यात कोयनावेळे नावाचं गाव आहे. जावळीतल्या भाताच्या माणसाला सोलापूरकडच्या ज्वारीच्या रानात नेऊन बसवलं, तर त्यानं तिथं काय करावं? काही जण टिकले, बरेच परत खोऱ्यात आले, नाहीतर मुंबईला गेले.

इतकं लांब का, याला एक कारण आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. कृष्णेवरचं धोम किंवा वेण्णेवरचं कण्हेर घ्या. ही धरणं सिंचनाची. त्यांना कालवे आहेत, कालव्याखाली लाभक्षेत्र आहे. 1976 च्या कायद्यामागचा विचार असा की ज्याची शेती भिजणार त्यानं थोडी जमीन द्यायची आणि ज्याची बुडाली त्याला ती मिळायची. वरच्या अंगाचा धरणग्रस्त खालच्या अंगाला त्याच नदीच्या पाण्यावर बसायचा. त्यातही भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण निदान बोट ठेवायला जागा होती. कोयना बांधली विजेसाठी. तिला स्वतःचा कालवाच नाही. विजेचा लाभ मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना. तिथं लाभधारक शेतकरी कोण आणि त्याची जमीन घेणार कुठून? आपल्या जिल्ह्यातल्या इतर धरणग्रस्तांपेक्षा कोयनेच्या माणसाचं घोडं मागं राहिलं ते इथं.

नोकरीचंही ऐका. प्रकल्पग्रस्तांना सरकारी भरतीत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे दाखला काढायचा, जाहिरात यायची वाट बघायची, परीक्षा द्यायची आणि राज्यभरातल्या सगळ्या प्रकल्पग्रस्तांशी स्पर्धा करायची. याला 'घरटी नोकरी' म्हणत नाहीत. जावळी-पाटणची माणसं मुंबईत मोठ्या संख्येनं दिसतात हे खरं. गिरण्यांत होती, गोदीत होती, बाजारात पाठीवर ओझी वाहत होती. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि 1969 चा माथाडी कायदा त्या कामगारांनी लढून मिळवला. तो धरणाच्या मोबदल्यात मिळालेला नाही.

करोडपतींबद्दल एवढंच: मुंबईच्या कडेला ज्यांना जमिनी मिळाल्या त्यांच्यातल्या काहींचे भाव पुढं वाढले असतील. त्यावरून शिवसागराच्या पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या म्हातारीची श्रीमंती मोजू नये.

'सगळं पाणी शेतीला.' नाही. कोयनेचं बहुतेक पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला वीज करतं, वाशिष्ठीला मिळतं आणि चिपळूणवरून समुद्राला जातं. कृष्णेचं पाणी असं पश्चिमेला किती न्यायचं याची मर्यादा कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं घातली: वर्षाला 67.5 टीएमसी. साठ्याच्या मानानं धरा, जवळजवळ दोन तृतीयांश. उरलेलं नदीपात्रातून कराडकडे येतं. त्यावर ताकारी, म्हैसाळ, टेंभूसारख्या उपसा योजना आणि सांगलीचा उन्हाळा चालतो, ही गोष्ट मोठीच आहे. पण 'सगळं' या शब्दामुळं भांडण पाटणचा धरणग्रस्त विरुद्ध सांगलीचा ऊसवाला असं होऊन बसतं, आणि दोघांच्या डोक्यावरून जाणारं पाणी कुणाला दिसत नाही.

आता भूकंप. मजकुरातला सर्वात ठासून सांगितलेला आणि सर्वात चुकीचा भाग हाच.

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. तीव्रता साधारण साडेसहा रिश्टर. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर आणि आसपासची दगडमातीची घरं भुईसपाट झाली. धरणाला तडे गेले. वरच्या बाजूनंही गेले आणि खालच्या बाजूनंही, भिंतीचा उतार जिथं बदलतो त्या उंचीवर, आडवे. हे गुपित नाही. धरण अभियांत्रिकीच्या जगभरातल्या अभ्यासक्रमांत कोयना शिकवतात ती याच तड्यांसाठी. आराखड्यात भूकंपासाठी 0.05 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्श्याएवढाच आडवा धक्का गृहीत धरला होता. धरणातल्याच यंत्रानं नोंदवलेला धक्का त्याच्या कित्येक पट निघाला. नंतर तडे भरले, पाठीमागून काँक्रीटचे टेकू देऊन भिंत जाड केली. सांडव्याचा भाग तर एकविसाव्या शतकात मजबूत केला. धरण फुटलं नाही, हे बांधणाऱ्यांचं श्रेय आहेच. पण 'तडाही गेला नाही' म्हणणं म्हणजे ज्यांनी ती भिंत पुन्हा उभी राखली त्यांच्या कामावरही पाणी ओतणं.

आणि संबंध? दख्खनचं पठार तोवर स्थिर समजलं जायचं. पाणी अडायला लागलं 1961-62 पासून, आणि लगेचच परिसरात लहान धक्के सुरू झाले. सप्टेंबर 1967 मध्ये साडेपाचच्या आसपासचा एक मोठा धक्का बसून गेला होता, म्हणजे डिसेंबरचा अगदी आकाशातून पडला नाही. पुढं भूकंपप्रवणतेच्या नकाशात कोयना झोन 4 मध्ये टाकावी लागली. 1985 पासून वारणेचा जलाशय भरू लागला, त्यानंतर धक्क्यांचं केंद्र दक्षिणेकडे, वारणेच्या अंगाला सरकलेलं दिसलं. जलाशयामुळं चालना मिळालेल्या भूकंपांचं जगातलं सर्वात ठळक उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ कोयनेचंच नाव घेतात. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची भूगर्भ संशोधन प्रयोगशाळा आहे आणि या भागात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं आहे. संबंध नसता तर एवढा खर्च कशापायी?

उलट बाजूनंही एक दुरुस्ती हवी. 'धरणाच्या वजनानं जमीन खचली' असं चळवळीतले काहीजण सांगतात, तेही नेमकं नाही. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो, भेगा असतात. जलाशयाचं पाणी झिरपून त्या भेगांमधला दाब वाढवतं आणि सुटायला टेकलेली भेग सुटते. धरणानं भूकंप 'बनवला' नाही, त्याला निमित्त दिलं. पण ज्याच्या अंगावर माळवद पडलं त्याला हा फरक सांगून उपयोग नाही. पाटण तालुक्यात अशी घरं आहेत ज्यांच्या ट्रंकेत धरणग्रस्ताचा दाखला आणि भूकंपग्रस्ताचा दाखला एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात.

राहिली शेवटची ओळ: साठ वर्षं झाली, आता काय मागता? ती लिहिणाऱ्याला वाटतं की विस्थापन एकदाच, पाणी चढलं त्या वर्षी झालं. पाण्याच्या रेघेवर ज्यांनी पुन्हा घरं बांधली त्यांच्या पाठीमागचा डोंगर 1985 मध्ये कोयना अभयारण्य झाला. चारशे चौरस किलोमीटरहून जास्त. 2010 मध्ये तोच चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेला. पुढं पाणी, मागं वनखातं. कुमरीची, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती बंद, लाकूड आणायचं तर धास्ती, रस्ता मागितला तर वनखात्याची परवानगी. काही गावांना दुसऱ्यांदा उठायची पाळी आली. वाघ नको असं त्यांतलं कुणी म्हणत नाही, पण पहिल्या उठण्याचा हिशेब पुरा व्हायच्या आत दुसरं आलं.

2018 मध्ये कोयनानगरला श्रमिक मुक्ती दल या धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या पुढाकारानं धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले. मागण्यांच्या मुळाशी काय होतं? संकलन. कोणत्या गावातल्या कोणत्या खातेदाराची किती जमीन गेली, त्याला कुठं, किती मिळाली, किती बाकी, याची गावनिहाय यादी. धरण पुरं होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाल्यावर लोक आधी ही यादी पुरी करा म्हणत बसले होते. जी वस्तू 'सगळ्यांना मिळाली' असं मजकूर सांगतो, ती किती जणांना मिळाली याचीच नोंद पुरी नव्हती.

आणि ही नोंद जितकी लांबते तितकी अवघड होते. बुडीत जमिनीचा मूळ खातेदार एक. त्याला चार मुलं, त्यांना बारा. एक ठाण्यात, एक कळंबोलीत, एक गावात, दोघांचा पत्ता नाही. वारसनोंदी रखडलेल्या. पुढच्या कायद्यांत जमिनीसाठी मोबदल्याच्या 65 टक्के रक्कम आगाऊ भरायची अट आली, आणि कोयनेचा मोबदला तर आजोबानं केव्हाच लग्नाकार्यात, आजारपणात आणि नव्या घराच्या कौलांत खर्चून टाकलेला. तरीही पात्रता ठरते ती मूळ खात्यावर. म्हणजे आज जमीन मिळालीच तर ती एका खात्यापुरती, बारा जणांत वाटायची. फुकटे म्हणण्याआधी त्या बारांतल्या एकाबरोबर पाटणच्या तहसीलला एकदा जाऊन या. येताना संकलन यादीत त्याच्या आजोबाचं नाव कोणत्या पानावर आहे तेवढं विचारा.